गाडी गरम होते, पण नेमकी केव्हा?

‘गाडी गरम होते’ एवढीच तक्रार घेऊन गाडी वर्कशॉपमध्ये येते आणि बहुतेक वेळा लगेच पाने बाहेर निघतात. आधी थर्मोस्टॅट बदलून बघू, नाही जमलं तर वॉटर पंप, तरीही नाही तर रेडिएटर. मालकाचे पैसे जातात, मेकॅनिकचे दिवस जातात आणि गाडी पुन्हा गरम होतेच. माझं ठाम मत आहे की या कामात पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: केव्हा गरम होते? ट्रॅफिकमध्ये उभी असताना की हायवेला वेगात? चालू केल्यावर पाच मिनिटांत की तासाभराने? चढावर, की एसी लावल्यावर? उत्तर नीट ऐकून घेतलं तर अर्धं निदान बॉनेट उघडायच्या आत होतं. ते कसं होतं हे कळण्यासाठी इंजिनातली उष्णता कुठे तयार होते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, ते आधी बघू.

उष्णतेचा हिशेब

इंधन जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. राहिलेला भाग इंजिनाच्या धातूत शिरतो आणि तो बाहेर काढायची जबाबदारी कूलिंग सिस्टीमवर येते. डिझेल इंजिनात हा वाटा थोडा वेगळा पडतो, पण चित्र हेच. म्हणजे एखादी गाडी चढावर ५० किलोवॉट ताकद वापरत असेल, तर तिच्या कूलिंग सिस्टीमलाही त्याच वेळी त्याच्या आसपास उष्णता हवेत सोडावी लागते. सपाट रस्त्यावर निवांत चालणारी गाडी याच्या निम्मीही ताकद वापरत नाही, म्हणून अर्धवट तुंबलेला रेडिएटर तिथे निभावून नेतो आणि चढावर उघडा पडतो.

सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचे असतात, ते शुद्ध रूपात ६६० अंशांना वितळतं, आणि मिश्रधातूची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी ढासळते. तरीही इंजिन टिकतं, कारण तो जाळ काही मिलिसेकंदांचाच असतो आणि धातूच्या पलीकडच्या बाजूने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं फिरतं द्रव, सतत उष्णता ओढून नेत असतं. ही ओढ थांबली की नुकसान व्हायला तास लागत नाहीत, काही मिनिटं पुरतात.

मोटारगाडीच्या सुरुवातीपासून हा प्रश्न सोबत आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि चालकाला ते वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीत विल्हेल्म मायबाख यांनी हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बसवला, आणि थोड्या पाण्यात मोठं इंजिन थंड ठेवणं शक्य झालं. फोर्डच्या मॉडेल टीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पुढे तिला वॉटर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं, एवढ्यावरच तिचं पाणी फिरायचं. आजच्या इंजिनात जागा कमी, ताकद जास्त आणि टर्बोची भर, त्यामुळे तेवढी सूट आता मिळत नाही.

पाण्याची वाट आणि तिच्यावरचं दार

पंप कूलंटला ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागात, ढकलतो. तिथून ते सिलिंडरभोवती फिरून हेडमध्ये चढतं. हेडमधून ते थर्मोस्टॅटपाशी येतं, आणि इथे वाट फुटते. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद असतो आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासमधून परत पंपाकडे वळतं. थर्मोस्टॅटच्या पोटात खास मेण असतं. साधारण ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान, ज्या तापमानासाठी तो बनवलाय तिथे, ते मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि दार उघडतं. वीज नाही, सेन्सर नाही, आणि तरी वर्षानुवर्षं हे काम बिनचूक चालतं. हल्लीच्या काही इंजिनांत त्याच मेणाला तापवणारी छोटी कॉइल असते, म्हणजे कॉम्प्युटर हवं तेव्हा दार लवकर उघडू शकतो.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, हा उपाय अजूनही सर्रास केला जातो. तो मला अजिबात मान्य नाही. एक तर इंजिन नीट तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि इंधन उडून जायला जी ऊब लागते ती मिळत नाही, आणि झीज वाढते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागच्या चकतीने बायपासचं तोंड बंद करतो. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरला शिवतही नाही आणि जोर पडला की गाडी आधीपेक्षा लवकर तापते.

याच ठिकाणी एक गैरसमजही ऐकू येतो: थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरमधून फार वेगाने जातं, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे खरं नाही. पाणी त्याच बंद चक्रात फिरत असतं. वेगाने गेलं तर एका फेरीत थोडं कमी थंड होतं, पण फेऱ्या जास्त होतात आणि रेडिएटर सरासरीने जास्त गरम राहून हवेत जास्तच उष्णता सोडतो. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापली तर कारण वर सांगितलेल्या बायपासमध्ये शोधावं.

झाकण: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं. इंजिनातलं कूलंट तर रोजच ९० ते १०५ अंशांवर फिरतं. मग ते उकळत का नाही? कारण सिस्टीम बंद आहे आणि रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. प्रेशर कुकरचं तत्त्व हेच. दाब वाढला की उकळबिंदू वर सरकतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. काही गाड्यांत तो १.४ पर्यंतही असतो. बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाब असेल तर साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल (उकळबिंदू वाढवणारं आणि गोठणबिंदू उतरवणारं रसायन) असं कूलंट उघड्यावर साधारण १०८ अंशांना उकळतं आणि तेवढ्याच दाबाखाली १२९ च्या आसपास.

आता झाकणाचं रबर कडक झालंय, त्याला चीर गेलीय किंवा स्प्रिंग थकलीय असं समजा. दाब धरला जात नाही. रेडिएटर चांगला, पंप चांगला, पंखा चांगला, आणि तरी कूलंट १०८ लाच उकळायला लागतं. टाकीतून बाहेर सांडतं, पातळी घटते, आणि मग खरोखरच गाडी गरम होते. उंचावर हा त्रास आणखी वाढतो, कारण साधारण १५०० मीटरवर साधं पाणी ९५ अंशांनाच उकळतं.

उकळणं एवढं वाईट का, हेही सांगायला हवं. धातूच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उठून लगेच विरणं हे तापलेल्या इंजिनात नेहमीचं आहे, उलट त्याने उष्णता जास्त उचलली जाते. घात होतो तो बुडबुड्यांची सलग वाफ बनली की. मग धातू आणि कूलंट यांच्यामध्ये वाफेचा पडदा येतो, आणि वाफ उष्णता फारच कमी वाहून नेते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासची जागा आधीच सगळ्यात गरम असते. तिथलं तापमान झपाट्याने चढतं आणि हेडला चीर जाते ती सहसा तिथेच. शिवाय पंपात वाफ शिरली की तो काहीच ढकलू शकत नाही.

झाकणात दुसरा, छोटा व्हॉल्व्हही असतो, त्याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. इंजिन थंड होताना कूलंट आकसतं आणि आत पोकळी तयार होते. तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडून बाजूच्या टाकीतलं कूलंट परत आत घेतो. तो अडकला की सकाळी बॉनेट उघडल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप आत खेचला जाऊन चपटा झालेला दिसतो. झाकण सैल करताच फस्स आवाज करून तो पुन्हा गोल होतो. अशा गाडीत बाजूच्या टाकीतली पातळी व्यवस्थित दिसते आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा असतो. टाकी बघून ‘पाणी भरपूर आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

झाकण तपासायला हातपंपाचा प्रेशर टेस्टर पुरतो. छापलेल्या दाबापर्यंत ते धरतं का आणि त्यापुढे सोडतं का, दोनच गोष्टी बघायच्या. बदलायचं झालं तर त्याच आकड्याचं बसवावं. जास्त दाबाचं झाकण लावून गाडी वाचत नाही, जुने होज आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या फुटतात.

आणि गरम इंजिनाचं झाकण उघडू नये, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. आत ११५ अंशांचं कूलंट दाबामुळे शांत बसलेलं असतं. झाकण फिरलं की दाब क्षणात शून्यावर येतो, त्यातलं काही पाणी तिथल्या तिथे वाफ होतं, आणि पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे पटींच्या आसपास वाढतं. तोंडावर येणारा तो फवारा चेहरा आणि डोळे भाजून काढतो. फडकं धरून थोडं थोडं उघडणं हासुद्धा सुरक्षित मार्ग नाही. वरचा होज पाइप हाताने दाबता येईल, मऊ लागेल आणि हात धरवेल इतका निवेपर्यंत थांबायचं.

पाणी की कूलंट?

निव्वळ उष्णता वाहण्याच्या बाबतीत साधं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात, निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणाला साधारण ३.४. हे ऐकून कोणी म्हणेल, मग पाणीच का नको? थंड प्रदेशात उत्तर सोपं आहे. निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो, आणि साधं पाणी गोठलं तर फुगून ब्लॉक फोडतं. पण जिथे कधी बर्फ पडत नाही तिथेही कूलंट लागतंच, आणि ते लागतं धातू वाचवण्यासाठी.

या एका चक्रात बिडाचा ब्लॉक असतो, अॅल्युमिनियमचं हेड असतं, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं, पितळ आणि डाग दिलेले सांधे असतात. असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात आले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह वाहायला लागतो आणि त्यांतला कमकुवत धातू झिजत जातो. कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ संरक्षक थर धरतात आणि हे थोपवतात. नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात, ते तापलेल्या धातूवर बसतात. हा थर चुनखडीचा असतो आणि अॅल्युमिनियमच्या तुलनेत तो उष्णता शंभरेक पटींनी कमी वाहतो. एक मिलिमीटरचा थरसुद्धा ब्लॉकच्या भिंतीवर दगड चिकटवल्याचं काम करतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत भिंत तापतच राहते. म्हणून कूलंट पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच घालावं.

मोठ्या डिझेल इंजिनांत आणखी एक गोष्ट घडते. वेट लाइनर, म्हणजे ज्याच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं ते सिलिंडरचं आतलं नळकांडं, ज्वलनाच्या धक्क्यांनी सतत थरथरतो. त्या थरथरीने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण उडतो. काढलेल्या लाइनरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकांची रांग दिसते, काही भोकं पार आतपर्यंत गेलेली. योग्य कूलंट वापरलं आणि त्यातली रसायनं वेळच्या वेळी तपासली तर हे टळतं.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपनीने टाकलेले असतात, सगळ्यांसाठी एकच असं प्रमाण नाही. महत्त्वाचं आहे ते रसायन. जुन्या पद्धतीच्या सिलिकेट-फॉस्फेटवाल्या कूलंटची रसायनं लवकर संपतात, ते साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. सेंद्रिय आम्लांवर चालणारं कूलंट पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. दोन्हींचं मिश्रण असलेले प्रकारही आहेत. न जुळणारे प्रकार एकत्र झाले तर संरक्षण कमी होतं आणि काही वेळा घट्ट गाळ तयार होऊन रेडिएटरच्या नळ्या बुजतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला दर्जा बघून भरणं हाच खात्रीचा मार्ग. काँसन्ट्रेट असेल तर ते नुसतंच भरू नये. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, शिवाय उष्णताही कमी वाहतं. आणि तयार मिश्रण असेल तर त्यात पुन्हा पाणी मिसळू नये.

रिफ्रॅक्टोमीटर ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, रसायनं शिल्लक आहेत की नाही ते सांगत नाही. त्यासाठी वर्कशॉपमध्ये एक ढोबळ चाचणी करता येते: इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये बुडवायचं, धातूला लागू द्यायचं नाही, आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं. ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर कूलंट थकलं असं समजून ते बदलावं. इंजिन चालू केल्यावर, लाइट आणि पंखे लावल्यावर हा आकडा उडी मारत असेल तर कूलंटचा दोष नाही, कुठली तरी अर्थिंग ढिली आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढतेय.

‘केव्हा’ या प्रश्नाचं उत्तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, अशी तक्रार असेल तर कूलंट फिरतंय आणि रेडिएटरही बहुधा ठीक आहे. कमी पडतेय ती हवा. पळताना समोरून वारा आपोआप मिळतो, उभं असताना तो पंख्याने आणायचा असतो. पंखा लागतो का, दोन्ही वेगांवर लागतो का, फ्यूज, रिले, रेझिस्टर, तापमानाचा सेन्सर हे बघा. एसी लावल्यावर पंखा फिरायला हवा, बहुतेक गाड्यांत ही सगळ्यात सोपी पहिली चाचणी आहे. पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंख्याला पुलीशी जोडणारा भाग) बघा. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने अगदी मोकळा फिरत असेल तर क्लचमधलं सिलिकॉन तेल गेलेलं असतं. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण मोडलंय म्हणून फेकून दिलेल्या गाड्याही हीच तक्रार घेऊन येतात, कारण आवरण नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळतो.

याच्या उलट, गावात ठीक आणि हायवेला किंवा चढावर तापते अशी तक्रार असेल तर वाऱ्याची कमतरता नाही. कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून-बाहेरून तुंबलाय. इथे एक जागा जवळून बघण्यासारखी आहे. बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आणि दोन्हींमध्ये बोटभर फट. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो जरा पुढे ओढला की रेडिएटरच्या तोंडावर धूळ, मेलेले किडे, गवताचे तुकडे आणि तेलकट माती यांचा एकजीव थर दिसतो, बोटाने सोलून निघावा इतका जाड. हा थर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवायचा. जोराचा फवारा मारला तर फिन (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) वाकून आडव्या होतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

आतून तुंबलाय का हे बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवावा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. खालचा होज पाइप रेस वाढवल्यावर चपटा होतो का तेही बघा. पंप त्या बाजूने खेचत असतो, आणि मऊ पडलेला पाइप वेगात असतानाच मिटतो. वर्कशॉपमध्ये गाडी उभी असते तेव्हा तो शहाण्यासारखा गोल असतो. पंपाच्या बाबतीत बाहेर दिसणारी खूण म्हणजे त्याच्या पोटाखालच्या बारीक भोकाजवळ वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर. सील गळायला लागलं की आधी तिथे दिसतं. पण काही पंपांत आतलं पातं शाफ्टवर सुटं होतं, पुली फिरत राहते आणि पातं अर्धवट घसरतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

चालू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा लालला जातो आणि रेडिएटर मात्र थंड असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पंप फिरवत नाही किंवा आत हवा अडकलीय. काटा खालीच राहतो, हीटर कोमट वारा देतो आणि पेट्रोल जास्त जातं, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. चालता चालता हीटर अचानक थंड वारा द्यायला लागला आणि काटा मात्र चढतोय, तर कूलंट कमी झालंय. हीटरची जाळी बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, पातळी घटली की हवा आधी तिथे जाते.

काट्यावर किती भरवसा ठेवायचा, हाही मुद्दा आहे. बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा हलत नाही, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. तो हलायला लागतो तेव्हा उशीर होत आलेला असतो. म्हणून निदान करताना स्कॅनर लावून खरा आकडा बघावा. आणखी धोक्याची गोष्ट अशी की सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. पाइप फुटून सगळं कूलंट गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन जळत असताना काटा थंड दाखवतो.

रस्त्यात काटा वर जाताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता तरी बाहेर निघते. काटा लालमध्ये गेला, वाफ दिसली किंवा इशाऱ्याचा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. पुढचं गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे म्हणून ओढत नेणं, हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महागडं पाऊल आहे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, धातू एकाएकी आकसून तडा जातो.

हेड गॅस्केट गेली का?

अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. अॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी जखडलेलं असतं, त्यामुळे ते जास्त तापलं की फुगायला जागा न मिळून वाकतं, आणि दोघांमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, कुठेतरी सुटते. मग सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतो. याची एक साधी खूण आहे. रात्रभर थंड झालेली गाडी चालू करा आणि वरचा होज पाइप हातात धरा. मिनिटभरात, पाणी अजून थंड असतानाच, तो टणक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, जळणाऱ्या वायूचा आहे. खात्रीसाठी रसायनाची चाचणी करता येते: रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो. ऑइल दुधाळ होणं, पांढरा गोडसर वासाचा धूर न थांबणं, कुठेही गळती नसताना कूलंट घटणं ही लक्षणंही त्याच दिशेने बोट दाखवतात. पण यातलं एकही नसताना गॅस्केट गेलेली असू शकते.

हेड उतरवल्यावर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते किती वाकलंय ते मोजायचं. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच मर्यादा असते, नक्की आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. फेस मारून, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग तासून, हेड सपाट होतं, पण फार तापलेल्या अॅल्युमिनियमचा कडकपणा गेलेला असतो आणि तो फेस मारून परत येत नाही. असं हेड कितीही घट्ट कसलं तरी बोल्टाखाली दबत राहतं. आणि नवी गॅस्केट बसवण्याआधी गाडी मुळात तापली कशाने, ते सापडलंच पाहिजे. ते न शोधता बंद केलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

भरणं आणि काढलेल्या कूलंटचं करायचं काय

काम झाल्यावर कूलंट नुसतं ओतलं की झालं असं नसतं. आत हवा अडकते आणि ती सहसा हेडच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात गरम जागी जाऊन बसते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तो उघडून, तोंड उंच राहील अशी गाडी उभी करून सावकाश भरायचं. व्हॅक्यूमने भरायचं साधन असेल तर आधी सगळी हवा ओढून घेता येते आणि त्या वेळी गळतीही कळते. मग पंखा किमान दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं, हीटरचा वारा गरम येतो का बघायचं, गाडी फिरवून आणायची आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघायची. ही शेवटची पायरी घाईत सुटते आणि गाडी आठवड्याभरात परत येते.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. थोडं सांडलं तरी लगेच पुसून धुऊन टाका. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही साठवू नका. कोणाच्या पोटात गेलं तर आधी फक्त दारू प्यायल्यासारखी लक्षणं दिसतात आणि खरी इजा काही तासांनी समोर येते, म्हणून माणूस बरा दिसत असला तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं.

इलेक्ट्रिक गाडीत

इंजिन नाही म्हणजे उष्णतेचा प्रश्न नाही, असं नसतं. उष्णता कमी असते पण मर्यादा फार कडक असते. लिथियम-आयन बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंशांमध्ये राहायला आवडतं. बाहेर ४२ अंश असतील तर नुसता रेडिएटर बॅटरीला त्याहून थंड करूच शकत नाही, म्हणून अनेक गाड्यांत एसीच्या गॅसने कूलंट थंड करणारा चिलर असतो. मोटर आणि इन्व्हर्टर यांचं चक्र वेगळं असतं, ते जास्त तापमान सहन करतात. अशी गाडी उभी असताना, चार्जिंग चालू असताना पंखा किंवा कॉम्प्रेसर आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बॉनेटखाली हात घालण्याआधी गाडी पूर्ण बंद करा. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नका. काही गाड्यांना वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं, त्यात दुसरं काही मिसळलं तर इन्सुलेशनचा दोष येऊ शकतो.

या गाड्यांत कूलिंग बिघडलं की वाफ निघत नाही आणि लाल काटा दिसत नाही. बॅटरी तापली की गाडीच चार्जिंगचा वेग कमी करते किंवा ताकद आखडते, आणि मालक सांगतो की फास्ट चार्जिंग पूर्वीसारखं होत नाही किंवा चढावर गाडी दमते. अशा वेळी कूलंटची पातळी, पंप, रेडिएटरचं तोंड आणि स्कॅनरवरचं बॅटरीचं तापमान आधी बघावं. बॅटरी बदलायची गोष्ट त्यानंतर.